मेकॅनिकल विभागाचं सत्र-नियोजन: बाहा, व्हिजिट, प्रोजेक्ट आणि इन-सेम एका कॅलेंडरात कसं बसवायचं?

वेळापत्रकवाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेज, मेकॅनिकल, प्रवेशक्षमता ६०, तीन बॅचेस. टीई (तिसरं वर्ष) आणि बीई (चौथं) अजून २०१९ पॅटर्नला, म्हणजे अभ्यासक्रमाला. विषम सत्राचं विभागीय कॅलेंडर करायचंय. विद्यापीठाच्या तारखा (इन-सेम म्हणजे सत्रामधली परीक्षा धरून) हातात आहेत, आतलं सगळं आपण ठरवायचं. कच्चा मसुदा असा:

तिसरा आठवडा: मेसाचं (विभागाच्या विद्यार्थी संघटनेचं) उद्घाटन
पाचवा (ऑगस्ट): टीईची साखर कारखान्याला व्हिजिट
सातवा: इन-सेम
नववा: टेकफेस्ट, दोन दिवस
दहावा ते बारावा: बाहा (विद्यार्थ्यांनी ऑफ-रोड गाडी बनवायची स्पर्धा) टीमला वर्कशॉप
तेरावा: गेस्ट लेक्चर, बीई प्रोजेक्ट रिव्ह्यू
चौदावा, पंधरावा: सबमिशन

तीन अडचणी आहेत. एका बॅचची प्रॅक्टिकल नेहमी कमी भरतात. बाहाची मुलं ऐन सत्रात गायब असतात. बीईचे सगळे गट सम सत्राच्या शेवटच्या महिन्यात एकाच वेळी लेथवर येऊन उभे राहतात. जाणकारांनी मसुदा फाडावा, राग नाही.

साखरपट्टा

ऑगस्टमध्ये साखर कारखान्यात काय बघणार? गाळप सुरू होतं ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि चालतं मार्च-एप्रिलपर्यंत. ऑगस्टला मिल बंद, टर्बाइन बंद, बगॅसचे (उसाच्या चोथ्याचे) ढीग ताडपत्रीखाली.

पण थांबा, ऑगस्टची व्हिजिट फुकट नाही, फक्त वर्ग बदला. ऑफ-सीझनला ओव्हरहॉलिंग चालू असतं. बॉयलरचं मॅनहोल उघडं, मिलचे रोलर बाहेर काढलेले, पंपाचे इंपेलर टेबलावर. मटेरियल्स आणि सॉलिड मेकॅनिक्स शिकणाऱ्या एसईच्या (दुसऱ्या वर्षाच्या) मुलांना रोलरची झीज आणि शाफ्टचं जर्नल हातात घेऊन बघता येतं. चालू प्लान्टमध्ये ते कोणी जवळूनही दाखवत नाही. थर्मलवाल्यांना मात्र सीझनमध्येच न्या. को-जनरेशनचा (वाफेसोबत वीजही करणारा) ६७ किंवा ८७ केजी प्रति चौरस सेंमी दाबाचा बॉयलर, मल्टिपल इफेक्ट इव्हॅपोरेटर (रस टप्प्याटप्प्याने आटवणारा), बगॅसमधला ५० टक्क्यांच्या आसपासचा ओलावा आणि त्याचा बॉयलर एफिशियन्सीवर होणारा परिणाम, हे सगळं वाफ चालू असतानाच कळतं. म्हणजे तुमची टीईची व्हिजिट सम सत्रात, जानेवारीत. एचएमटी (हीट अँड मास ट्रान्सफर) पाचव्या सत्रातच झालेलं असतं, त्यामुळे इव्हॅपोरेटर समजायला अडचण नाही.

आणि ओढणी, लोंबता आयडी, सैल बाह्या यांना केन कॅरियरच्या (ऊस वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या) आसपास सक्त मनाई. हे बसमध्ये बसण्यापूर्वी सांगायचं, गेटवर नाही.

पाना_नं_१२

व्हिजिट रिपोर्टचं पहिलं वाक्य महाराष्ट्रभर एकच असतं: ‘सकाळी आम्ही उत्साहाने बसमध्ये बसलो.’ शेवटचं: ‘व्यवस्थापनाने दिलेल्या चहा-बिस्किटांबद्दल आभार.’ मधे वाफेचा पत्ता नाही.

तासिका

धागाकर्तीच्या पहिल्या अडचणीवर लिहितो, कारण ती गणिताची आहे.

‘१५ आठवडे’ हा आकडा विसरा. वार मोजा. इन-सेमचा आठवडा, गणपती, १५ ऑगस्ट, दसरा, टेकफेस्ट, विद्यापीठाची एखादी ऐनवेळची सुट्टी हे सगळं काढून सोमवार किती उरले, मंगळवार किती, असं प्रत्येक वाराचं वेगळं मोजा. सोमवार १३ आणि शुक्रवार ९ असं सर्रास होतं. शुक्रवारी प्रॅक्टिकल असलेली बॅच मग चार पाळ्यांनी मागे. तिची मुलं किंवा मास्तर आळशी नाहीत, वार आळशी आहे.

उपाय: कामकाजाचे जे शनिवार असतील त्यांना सत्र सुरू होण्याआधीच वार वाटून द्या. ‘या शनिवारी शुक्रवारचं वेळापत्रक’ असं तारखेसकट छापून लावा. ऐनवेळी सांगितलं तर अर्धा वर्ग गावी गेलेला असतो.

लेक्चरचंही तसंच. आठवड्याला ३ तास आणि खरे आठवडे १२, म्हणजे ३६ तास. सहा युनिटना सात-सात तास धरले तर ४२ लागतात. हे सहा तास कुठून येणार ते जुलैतच ठरवा. दुसरं असं की इन-सेम पहिल्या दोन युनिटवर ३० मार्कांची आणि एन्ड-सेम उरलेल्या चारांवर ७० ची. बरेच जण पहिली दोन युनिटं इन-सेमपर्यंत रमतगमत शिकवतात. सातव्या आठवड्यापर्यंत तिसरं युनिट अर्धं झालं नसेल तर शेवटची दोन पीपीटीवरच जाणार हे धरून चाला.

डिमरस्टॅट

तासिका, वारांचं पटलं. पण हीट ट्रान्सफर लॅबला पाळ्या पुरूनही प्रयोग होत नाहीत, त्याचं कारण वेगळं आहे.

प्रॅक्टिकल दोन तासांचं. कंपोझिट वॉल (वेगवेगळ्या पदार्थांच्या प्लेटांची चवड) गार सुरू केली तर स्टेडी स्टेट, म्हणजे स्थिर तापमान, यायलाच दीड-दोन तास लागतात. मुलं शेवटच्या दहा मिनिटांत जे तापमान दिसेल ते लिहितात आणि के ची (उष्णतावाहकतेची) किंमत काहीच्या काही येते. मग मागच्या वर्षीची जर्नल बाहेर निघते.

करायचं असं:

एक, एचएमटीच्या दोन बॅचेस एकाच दिवशी पाठोपाठ लावा, ११ ते १ आणि पावणेदोन ते पावणेचार. मधे सेटअप बंद करायचा नाही. तिसरी बॅच दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला ठेवली तर लॅब असिस्टंटने ९ लाच हीटर चालू करायचा. त्याच्या ड्यूटीची वेळ त्या दिवसापुरती बदलून तसं लेखी द्या, तोंडी सांगून होत नाही.

दोन, सुरुवातीला वीसेक मिनिटं व्होल्टेज चढं ठेवा, मग डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करायचं साधन) ठरलेल्या किमतीवर आणा. वेळ बराच वाचतो. फक्त चढं ठेवून विसरू नका, प्लेटा वाजवीपेक्षा तापल्या तर त्या उतरायला पुन्हा तासभर.

तीन, दर १० मिनिटांनी वाचन. लागोपाठ दोन वाचनांत अर्ध्या अंशाहून जास्त फरक नसेल तर स्टेडी माना. लाइनचं व्होल्टेज हलत असेल तर हे कधीच होत नाही, म्हणून त्या टेबलाला स्टॅबिलायझर हवाच.

चार, प्लेटांमधली हवेची फट. वरचा स्क्रू ढिला असला की फटीचा रेझिस्टन्सही मोजला जातो आणि बेकेलाइटची कंडक्टिव्हिटी कमी दिसते. सत्राच्या आधी एकदा घट्ट करून घ्या.

स्टीफन-बोल्ट्झमनच्या (उष्णतेच्या प्रारणाच्या) प्रयोगाला हा त्रास नाही. पाणी उकळलं की डिस्क घालून पाच-पाच सेकंदांची वाचनं घ्यायची, अर्ध्या तासात काम होतं. वीस मुलांचे पाच-पाचचे चार गट करा आणि त्या दिवशी एक संथ प्रयोग, तीन झटपट, अशी फिरती ठेवा. चारही संथ प्रयोग एकाच दिवशी लावले की कोणाचाच होत नाही.

सबमिशनग्रस्त

टीईचा विद्यार्थी. डिमरस्टॅट सरांना दंडवत. आमच्या जर्नलमधली के ची किंमत तीन वर्षं दशांशापर्यंत एकच आहे, याला रिपीटेबिलिटी म्हणतात ना?

सीरियस प्रश्न: बाहामुळे अटेंडन्स ७५ च्या खाली जातो. ड्यूटी लीव्ह मिळते पण प्रॅक्टिकल कोण भरून देणार?

चॅसिस_आणि_चटके

बाहाची मुलं सत्रात गायब होतात कारण काम उशिरा सुरू होतं. धागाकर्तीने दहावा ते बारावा आठवडा दिलाय, तो फार उशीर झाला. पीथमपूरची (मध्य प्रदेश) बाहा स्पर्धा जानेवारीच्या आसपास धरली तर मागून मोजा.

डिसेंबरभर गाडी फक्त चालवायची आणि मोडायची. म्हणजे दिवाळीआधी ती स्वतःच्या चाकांवर उभी हवी. दिवाळीत एमआयडीसीतले छोटे जॉबवर्कवाले आठवडाभर बंद असतात, कामगार गावाला जातात आणि परतायला वेळ घेतात. त्यामुळे गिअर हॉबिंग, लेझर कटिंग, हीट ट्रीटमेंट ही बाहेरची कामं नवरात्रापर्यंत दिलेली हवीत. चॅसिसचं वेल्डिंग गणपतीआधी पूर्ण. पाइप जुलैत. कॅड फ्रीज (डिझाइन पक्कं करणं) त्याच्याही आधी, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत. टीम निवडायची ती आदल्या सम सत्रात, फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि त्यात एसईची सहा-सात मुलं घ्यायचीच, नाहीतर दर वर्षी शून्यापासून.

कुठे वेळ जातो ते सांगतो.

पाइप: नियमपुस्तकात मूळ पर्याय २५.४ मिमी बाहेरचा व्यास, सुमारे ३ मिमी जाडी आणि कार्बन किमान ०.१८ टक्के. ४१३० पोलादाचा पातळ पाइप घेतला तर बेंडिंग स्टिफनेस आणि स्ट्रेंग्थचं गणित दाखवावं लागतं. लांबी कॅडमधून काढा आणि १५-२० टक्के जास्त मागवा, नॉचिंग (जोडासाठी टोक कापणं) चुकतंच. मटेरियलचा टेस्ट रिपोर्ट खरेदीच्या वेळीच घ्या. दुकानदाराकडून नंतर मागितला तर भलत्याच हीट नंबरचा (पोलादाच्या दुसऱ्याच बॅचचा) कागद मिळतो. वेल्डिंगचे नमुने (९० आणि ३० अंशांचे जोड) त्याच पाइपाचे, त्याच वेल्डरकडून, त्याच दिवशी करून ठेवा.

फिक्स्चर: सगळी चॅसिस आधी टॅक करायची (ठिपक्याठिपक्यांनी कच्ची जोडायची), मापं तपासायची, मग एकदा डावीकडचा जोड, एकदा उजवीकडचा, असं पुरं वेल्डिंग. एका बाजूने सलग ओढत गेलं की चॅसिस पिळते आणि सस्पेन्शनचे पॉइंट ४-५ मिमीने सरकतात. जोडाची फट १ मिमीच्या वर नको.

ब्रेक: चारही चाकं लॉक झाली नाहीत तर डायनॅमिक इव्हेंट विसरा. कारण बहुतेक वेळा लाइनमधली हवा किंवा पेडल रेशो (पायाचा जोर किती पट होतो तो) कमी. ५ ते ६ पट ठेवा. दोन स्वतंत्र सर्किट लागतात, म्हणजे ब्लीडिंगही (लाइनमधली हवा काढणं) दोनदा. हे काम पीथमपूरच्या पिटमध्ये करायचं नसतं.

सबमिशनग्रस्त, असं नियोजन झालं तर सत्रातले बुडणारे दिवस स्पर्धेचा आठवडा आणि आगेमागे दोन दिवस इतकेच. प्रॅक्टिकलसाठी तुमच्या कोऑर्डिनेटरने जाणाऱ्या मुलांची यादी महिनाभर आधी द्यावी आणि ती मुलं दुसऱ्या बॅचसोबत आधीच प्रयोग करून मोकळी व्हावीत. नंतर भरून देतो म्हणणारा कोणी भरून देत नाही.

जुना_मास्तर

सगळं ठीक, पण मूळ प्रश्न कोणी विचारत नाहीये. ६०-६० मुलांच्या तीन वर्गांतून मिळून बाहाला २५ जातात. विभागाचं वर्कशॉप, वेळ आणि निधी त्यांच्यामागे. उरलेल्यांचं काय? त्यांना मिळतं ते मेसाचं उद्घाटन आणि पोस्टर स्पर्धा. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात गेट परीक्षा असते आणि नेमका तेव्हाच बहुतेक विभागांचा टेकफेस्ट. बीईची प्लेसमेंट जुलै-ऑगस्टपासून. त्याच महिन्यांत प्रोजेक्टचे विषय ठरतात, म्हणून तेही घाईत.

एका स्पर्धेपेक्षा २० मुलांनी ओव्हरहॉल केलेलं एक जुनं डिझेल इंजिन मला जास्त मोलाचं वाटतं.

चॅसिस_आणि_चटके

जुना_मास्तर, अर्धं मान्य. इंजिनाचं उघडणं-जोडणं व्हावंच. पण वेंडरकडे जाऊन टॉलरन्सवरून वाद घालणं, ड्रॉइंगवर डेटम चुकला की नग भंगारात जाणं, कॉस्ट रिपोर्ट, हे वर्गात शिकवता येत नाही. बाहा बंद करू नका, तिचे तुकडे वाटा.

जुना_मास्तर

तुकडे वाटले की एकाच गाडीचे पाच बीई प्रोजेक्ट होतात आणि पाचही ब्लॅक बुकांत (प्रोजेक्ट रिपोर्टांत) चॅसिसचं तेच अ‍ॅनालिसिस असतं.

तासिका

दोघांचंही बरोबर, तोडगा आहे. बाहाचा भाग बीई प्रोजेक्ट म्हणून घ्यायचा असेल तर अट घाला: प्रश्न गाडीपासून सुटा मोजता आला पाहिजे. ‘सीव्हीटीच्या (पट्ट्यावर चालणाऱ्या आपोआप गिअरबॉक्सच्या) फ्लायवेटचं वजन बदलल्याने एंगेजमेंट आरपीएमवर होणारा परिणाम, टेस्ट रिगवर’ हा प्रोजेक्ट. ‘डिझाइन अँड फॅब्रिकेशन ऑफ ऑल टेरेन व्हेइकल’ हा नाही.

लेथ_नं_३

तिसऱ्या अडचणीला अजून कोणी हात लावला नाही. वर्कशॉपच्या बाजूने हिशोब मांडतो.

६० मुलं, चारचा गट, म्हणजे १५ प्रोजेक्ट. प्रत्येकाला सरासरी १२ तास लेथ धरा. झाले १८० तास. प्रॅक्टिकल संपल्यावर प्रोजेक्टसाठी एक लेथ रोज ३ तास मोकळा, आठवड्याला १५ तास. भागाकार करा: १२ आठवडे. सम सत्र जेमतेम तेवढंच. म्हणजे मशिनिंग जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालं तरच शेवटचा गट मार्चअखेर संपतो. आणि गट येतात मार्चअखेर, सगळे एकदम, ड्रॉइंग मोबाइलवर.

म्हणून विषम सत्राच्या शेवटच्या रिव्ह्यूला पीपीटी नको, तीन कागद मागा. टॉलरन्ससकट पार्ट ड्रॉइंग, बिल ऑफ मटेरियल, आणि प्रत्येक भागापुढे ‘आपल्याकडे की बाहेर, किती तास’. हे नसेल त्या गटाला लेथचा नंबर नाही. नंबर लागलेल्या गटाचं मटेरियल आदल्या दिवशी वर्कशॉपमध्ये जमा हवं. सळई आणायला जुन्या बाजारात गेलेत म्हणून लेथ तासभर उभा, हे चालत नाही. बिल जीएसटीचं घ्या, नाहीतर अकाउंट्समधून पैसे सुटत नाहीत.

काय बिघडतं तेही लिहितो. एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचं) टूल घेऊन येतात, ईएन ३१ (बेअरिंगचं पोलाद) हार्ड करून आणतात आणि मग म्हणतात ५ मायक्रॉन काढा. हार्डनिंगच्या आधी मशिनिंग, नंतर ग्राइंडिंगला ०.२ ते ०.३ मिमी सोडा. बेअरिंगच्या बोअरला फिटच लिहिलेला नसतो. ‘२५’ एवढंच लिहिलं तर मी २५ करीन, बेअरिंग हातोडीने बसेल किंवा आत खडखडेल.

अवांतर: खंडेनवमीला मशीनं बंद, पूजा. त्याच्या आदल्या दिवशी सगळ्या बॅचेसना लावून साफसफाई, स्लाइडवेला तेल, बेल्टचा ताण, कूलंट बदलणं करून घ्या. वर्षातलं एकमेव मेंटेनन्स जे कोणी चुकवत नाही.

तांबडा_पांढरा

लेथभाऊंना +१. कोल्हापूरकडून एक जोड. अपराइट, हब वगैरेंचे (चाक धरणाऱ्या भागांचे) दोन-चार नग कास्टिंगमध्ये करायला कोणी निघालं तर थांबवा. पॅटर्न, कोअर बॉक्स, ड्राफ्ट, श्रिंकेज, मशिनिंग अलाउन्स, एवढं करून दोन नग ओतायला फाउंड्रीवाला उभा राहत नाही आणि राहिला तरी ब्लो होल (आत अडकलेल्या वायूचं भोक) निघाल्यावर पुन्हा रांगेत. ६०६१-टी६ अ‍ॅल्युमिनियमच्या बिलेटमधून व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) काढा.

पण फाउंड्री दाखवायला जरूर न्या. शिरोली किंवा उद्यमनगरात छोट्या फाउंड्रीत बहुधा मोल्डिंग आधी, ओतकाम दुपारनंतर. सकाळी ११ ला बस नेऊन परत आणली तर वाळूच बघून येतात. निघायच्या आदल्या दिवशी फोन करून ‘हीट किती वाजता?’ एवढंच विचारा.

पाना_नं_१२

आणि पिवळं हेल्मेट घालून ग्रुप फोटो, त्याशिवाय पीओ (प्रोग्रॅम आउटकम, पदवीतून काय यावं त्याचं उद्दिष्ट) साध्य होत नाही. जिओ-टॅग दिसला पाहिजे. बॅनर सरळ असेल तर सीओ-पीओ (विषयाचं उद्दिष्ट ते पदवीचं) मॅपिंगला थेट ३.

फाइल_नं_सात

हसू नका, एनबीएची (पदवीला मान्यता देणाऱ्या मंडळाची) फाइल भरणाऱ्यांची दया करा. :) आधीचे १२ पीओ होते, आता ११ झाले, सगळी मॅट्रिक्स पुन्हा. पण काम कमी करायचं असेल तर कार्यक्रमाआधीच एक पान लिहा: हा कार्यक्रम कोणत्या विषयातली कोणती उणीव भरणार. मागच्या वर्षी ज्या सीओचं अटेन्मेंट कमी आलं तिथूनच गेस्ट लेक्चरचा विषय घ्या. ‘इंडस्ट्री ४.०’ वर पाचवं लेक्चर ठेवून कुठलीच दरी भरत नाही. व्हिजिट रिपोर्टही निबंध नको. प्रोसेस फ्लो चार्ट, एका स्टेशनचा सायकल टाइम, एका फिक्स्चरचं हाताने काढलेलं स्केच. हे तीन पुरावे फोटोपेक्षा टिकतात.

गेस्ट लेक्चरच्या वाराबद्दल: पिंपरी-चिंचवड, भोसरी पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तिथल्या शॉपवरच्या माणसाला गुरुवारी बोलवा, सहज येतो. व्हिजिटसाठी मात्र गुरुवार टाळा, बंद कारखाना बघाल. दुसऱ्या एमआयडीसीत वार वेगळा असेल. मार्चअखेर कोणीच व्हिजिट देत नाही, वर्षअखेरीचं डिस्पॅच आणि स्टॉक टेकिंग चालू असतं.

राइनकाठ

इकडे जर्मनीत फॉर्म्युला स्टुडंटची (विद्यार्थ्यांनी रेसिंग गाडी बनवायची) हॉकेनहाइमची स्पर्धा ऑगस्टमध्ये, लेक्चर नसलेल्या काळात येते. तुमच्याकडे जानेवारीत बाहा आणि कोइम्बतूरची फॉर्म्युला भारत दोन्ही, म्हणजे सम सत्र सुरू होतानाच. एकाच विभागाने दोन्ही टीम उतरवायच्या असतील तर वेल्डर, व्हीएमसी आणि फॅकल्टी अ‍ॅडव्हायझर तिन्ही वेगळे हवेत, नाहीतर दोन्ही गाड्या अर्ध्या.

सबमिशनग्रस्त

डिप्लोमावाल्या मुलांचं कोणी बोललं नाही. कॅप राउंड (प्रवेशफेऱ्या) उशिरा संपतात, ती एसईला येतात तेव्हा पहिलं युनिट होऊन गेलेलं असतं.

तासिका

चांगला मुद्दा. त्यांच्यासाठी गणिताचे जादा तास पहिल्या तीन आठवड्यांत, सकाळी ८ ला. पण वर्कशॉप आणि ड्रॉइंगमध्ये ती बाकीच्यांच्या पुढे असतात. गट करताना दोन डिप्लोमाची, दोन बारावीकडून आलेली असं बसवा. आपल्या आपण गट करू दिले तर चारही डिप्लोमाची एका गटात जातात आणि रिपोर्ट लिहायला कोणी नसतं.

वेळापत्रकवाली (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. सुधारून मांडते, अजून चूक असेल तर सांगा.

पहिला आठवडा: वारांची मोजणी, शनिवारांना वार वाटप, डिप्लोमाचे जादा तास सुरू.
ऑगस्ट: एसईची व्हिजिट, ऑफ-सीझन साखर कारखाना. टीईची जानेवारीत.
गणपतीआधी: बाहा चॅसिस पूर्ण. वर्कशॉप त्यांना संध्याकाळी ४ नंतर, जुलैपासूनच.
सातवा: इन-सेम. त्या आठवड्यात दुसरं काही नाही.
टेकफेस्ट: दोन दिवसांऐवजी एक, तोही शनिवारी. फेब्रुवारीचा टाळला.
गेस्ट लेक्चर: गुरुवार.
तेरावा: बीई रिव्ह्यू, लेथभाऊंचे तीन कागद.
एचएमटी: ए आणि बी मंगळवारी पाठोपाठ, सी बुधवारी सकाळी.

इंजिन ओव्हरहॉलिंग जुना_मास्तर सरांच्या सूचनेनुसार टीईला, दोन शनिवार.

डिमरस्टॅट

बुधवारी सकाळी सी बॅच ठेवलीत, मग बुधवारी पहिल्या तासाला शेजारच्या मोठ्या लोडची लॅब लावू नका. एकाच फेजवर असतील तर तिकडे मशीन चालू झालं की माझा व्होल्टमीटर नाचतो.

लेथ_नं_३

ओव्हरहॉलिंगच्या शनिवारी टॉर्क रेंच आणि फीलर गेज आधीच मागून ठेवा. हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळायचे. जुना गॅस्केट परत बसवू नका. नवा आजच ऑर्डर करा, जुन्या मॉडेलचा मिळायला वेळ लागतो.

जुना_मास्तर

गॅस्केटचे पैसे कोणत्या हेडखाली टाकणार ते आधी अकाउंट्सला विचारा. कन्झ्युमेबल्समध्ये बसतो.